झिपरीचा सोमवार

८ जानेवारी, बुधवार

दगड्याची मान शिवून आत्ताच हात धुतले. नखांतलं रक्त काही निघत नाही.

महिनाभर दोन्ही तरसं शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत ठेवली होती, मध्ये फक्त गज. हुंगून झालं, गजांना पाठ घासून झाली. आज मधलं दार सरकवलं. वाटलं, आता संसार सुरू होईल. कसला संसार! झिपरीच्या पाठीवरची आयाळ ताठ उभी राहिली आणि तिने थेट त्याची मान धरली. धरली ती सोडेचना. धुणं आपटावं तसं आपटत होती. तो ओरडतही नव्हता. पिंजरे झाडणाऱ्या बंडूने पाण्याचा पाइप सोडला, मी दांडक्याने जाळी बडवली, तेव्हा कुठे जबडा उघडला.

बंडू म्हणाला, "मॅडम, हे मादी नाही, कसाई होय!"

खरंच आहे. गेल्या वर्षी हिने स्वतःची तिन्ही पिल्लं खाल्ली. रायपूरबाहेर आमचं हे एवढंसं केंद्र, तरसांची वीण वाढावी म्हणून काढलेलं. आणि वाट्याला आली ती ही बया.

११ जानेवारी, शनिवार

जमलं! चावत, ओरबाडत — पण जमलं. दगड्याचा एक टाका उसवला. नवरेपण महाग पडलं बिचाऱ्याला.

३ मार्च, सोमवार

गाभण आहे. नक्की!

सोमवारी केंद्र बंद, आणि मांस खाणाऱ्या सगळ्या जनावरांना उपवास. पोटाला आराम म्हणून जुना नियम आहे. बंडूचाही महादेवाचा सोमवार असतो. "माह्या अन् झिपरीचा उपास एकच हाय, मॅडम," म्हणून खिदळतो.

केंद्राचे साहेब येऊन गेले. "डॉक्टर, इस बार भी बच्चे खा गई तो जोड़ी तोड़ देंगे. मादा को कहीं और भेज दो, बात ख़तम." झिपरी गेली तर मला रडू येणार नाही. पण जोडी तुटली की केंद्रही गुंडाळतील. माझी इतकी वर्षं पाण्यात.

दगड्याला आजपासून पुन्हा शेजारी हलवलं. नर पिल्लं फाडतो, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते.

२ एप्रिल, बुधवार

दगड्या नीट खात नाही. रोज संध्याकाळी अर्धं मांस मधल्या गजांपाशी तसंच पडलेलं. भूक मेली असावी. इंजेक्शन द्यायला गेले तर सुई चावून वाकवली आणि स्वतःचाच ओठ फाडून घेतला. रक्त गाळत माझ्याकडे बघत होता, मूर्ख!

बंडूला बजावलं आहे. रात्री झिपरी आतल्या खोलीत बंद असते. उजाडताच गजांपाशी उरलेलं सगळं झाडायचं, फिनाइलने धुवायचं आणि मगच तिचं दार उघडायचं. माश्या नकोत, रोगराई नको. बाळंतपण तोंडावर आलं आहे.

११ एप्रिल, शुक्रवार

तीन! डोळे मिटलेली, राखाडी, अंगावर पट्टे. झिपरी चाटते आहे त्यांना. हिच्यावर विश्वास ठेवू नये हे कळतं, तरी दिवसभर हसत होते.

१४ एप्रिल, सोमवार

बाबासाहेबांची जयंती. सकाळी आई दारात आडवी आली. "काहून वं चेतना, आज तरी घरी राह्य! पांढरी साडी इस्त्री करून ठेवली तुयी." बाबा निळा फेटा बांधून तयार. तेलीबांध्याला मिरवणुकीत गाठते, असं सांगून केंद्रावर गेले.

दुपारी निघणार तोच बंडू धावत आला. "मॅडम, चाला लवकर! खाऊन राहिली!"

तिच्या तोंडातून एक इवलं पाऊल बाहेर लोंबत होतं. हाडं कडकडा फुटत होती. मग तिने फरशी चाटली. एक थेंब ठेवला नाही.

मी सळई उचलली आणि गजांवर मारत सुटले. "मर! मर मेले!" तळहात सोलले तरी थांबले नाही. सकाळी पंचशील म्हणून घरातून निघालेली मी! सळई तिच्यापर्यंत पोचली असती तर मी तिला मारलं असतं. त्याची लाज वाटत नाही, रागच येतो आहे अजून.

मिरवणूक राहिली. साडी तशीच घडीत आहे.

१५ एप्रिल, मंगळवार

उरलेली दोन पिल्लं उचलून बाटलीवर वाढवायची. हुकूम साहेबांचा, मागितला मी.

झिपरीला मांस दाखवून बाहेर काढलं. बंडू आतल्या खोलीत वाकला. दार पुरतं खाली पडलं नाही, आणि ती वळली. तिने बंडूचा हात कोपराखाली धरला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. "मॅडम, पोट्टे राहू द्या, मले काढा!" पाइप माझ्याच हातात होता म्हणून बरं — मी तिच्या डोळ्यांवर पाणी मारत दुसऱ्या हाताने बंडूचा पाय ओढत होते. निघाला कसाबसा. पिल्लं तिथेच राहिली.

हात वाचेल म्हणतात. पकड येणार नाही.

१९ एप्रिल, शनिवार

दवाखान्यात गेले होते. बंडू पांढराफटक पडला आहे. मला बघून हसला. "डाक्टर म्हणते, सोमवार सोडा. म्या म्हटलं, महादेव काय म्हणन?" मी दरडावलं त्याला. अंगातून एवढं रक्त गेल्यावर कोणी उपाशी राहतं का!

त्या पिंजऱ्यांत झाडू घेऊन जायला कोणी तयार नाही. लांबूनच मांस ढकलतात, लांबूनच दोरीने दार ओढतात. बाकी घाण तशीच. राहू दे. परवा सकाळी मी डार्ट मारून झिपरीला झोपवणार आणि पिल्लं उचलणार. मग तिची रवानगी. माझ्या डोळ्यांसमोरून गेली म्हणजे झालं.

२१ एप्रिल, सोमवार

डार्ट भरला. दोरी ओढली. झिपरी बाहेर आली ती सरळ मधल्या गजांकडे गेली. दगड्या तिथे आधीच बसला होता. कालच्या बरगड्या त्याच्यापुढे, मुंग्या लागलेल्या. त्याने नाकाने त्या गजांखालून तिच्याकडे सरकवल्या. तिने आडवं पडून खाल्ल्या. पिल्लं रांगत आली आणि तिला लुचायला लागली. तो नुसता बघत होता.

त्याची भूक मेली नव्हती. तो तिच्यासाठी ठेवत होता. आणि रोज सकाळी आम्ही ते झाडून टाकत होतो — माझ्या हुकमाने! गेल्या वर्षी तिने पिल्लं खाल्ली, तोही उपवासाचा सोमवारच होता. बाळंतिणीला उपाशी ठेवलं मी, आणि खुनी तिला म्हटलं.

डार्ट मातीत रिकामा केला. मांसाचं टोपलं स्वतः उचलून नेलं. मला बघताच तिची आयाळ ताठ उभी राहिली. मी टोपलं ठेवलं आणि मागे सरले.