पुढचे दोन नायलॉन टायर

२ डिसेंबर १९६८
अखेर घेतले. ट्रकच्या पुढच्या चाकांसाठी दोन नायलॉन टायर, थेट नागपूरहून. किंमत साध्या टायरच्या दीडपट. ड्रायव्हर तेजराम म्हणाला, "एवढ्यात साधे तीन आले असते जी." बारा वर्षं माझा ट्रक चालवतो, पण दूरदृष्टी नाही. दुर्गा काहीच बोलली नाही. बायको बोलत नाही म्हणजे तिला पटलेलं असतं.
टपरीवर चैतरामला ऐकवलं. त्याचाही एक ट्रक, टायर सगळे टकले. म्हटलं, महिनाभरात नायलॉनचा फायदा शास्त्रीय पद्धतीने सिद्ध करतो. तो हसला. हसू दे.
संकल्प: रोज संध्याकाळी टायरच्या खाचेत आगकाडी घालून खोली मोजणे.

४ डिसेंबर, संध्या. ६
खैरलांजीचं धान राइस मिलवर टाकून ट्रक आला. खाचेत खडा सापडला. तेजरामला विचारलं, कुठला? म्हणाला, रस्त्यावरचा. वारासिवनीच्या अलीकडचा की पलीकडचा? उत्तर समाधानकारक नाही.
नियम करून दिले. दगड दिसला की थांबून उचलणे. ब्रेक हळू दाबणे. ट्रक सावलीतच उभा करणे. म्हणाला, "मंग धान आणू का गोटे उचलू?" दुर्लक्ष केलं.

७ डिसेंबर
स्वतः सोबत गेलो. एकोणचाळीस दगड बाजूला केले. (मी दाखवले, तेजरामने उचलले.) टायर तापल्यासारखे वाटले म्हणून त्याच्या पिण्याचं पाणी त्यांच्यावर ओतलं. मिलवर पोचलो तर फाटक बंद. शेठजी म्हणाले, पुन्हा उशीर झाला तर काम चैतरामला देईन. या एका कामावर ट्रक चालतो आणि घरही. पण मोठ्या कामात अडचणी यायच्याच.
उतरताना तेजरामने दार दाणकन आपटलं. थकला असावा.

८ डिसेंबर
सर्दी. प्रवास बंद. त्याऐवजी रोज संध्याकाळी तेजरामची दीड तास चौकशी. सिस्टिम पाहिजे.

१० डिसेंबर
दुर्गाला अचानक भावाचा उमाळा आला आहे. वसंता नाक्याजवळ राहतो, इथून फर्लांगभर. रोज त्याला ट्रकनेच डबा पाठवायचा म्हणते. ट्रक जाता-येता तिथे अर्धा तास थांबेल. परवानगी दिली. सासरच्या माणसांच्या बाबतीत मी उदार आहे.

१६ डिसेंबर
काडी घातली. फरक शून्य! शिवाय तेजराम वेळेवर येतो आणि गुणगुणत उतरतो. शेठजीही खूश. सगळं नायलॉनमुळे.

२३ डिसेंबर
अजून शून्य. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, तेही जवळजवळ सगळे शाबूत. तीन आठवड्यांत माझेच जास्त गळले. चैतरामला ओढत आणून दाखवलं. त्याने टायरकडे बघितलं, तेजरामकडे बघितलं आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. जळतो माझ्यावर.

२६ डिसेंबर
टायर कंपनीला पत्र टाकलं. सोबत स्टुडिओत टायरशेजारी उभं राहून काढलेला फोटो. कॅलेंडरवर छापतील असा अंदाज आहे.

८ जानेवारी १९६९
कंपनीचा माणूस आला. बघायला गर्दी होती. (मीच जमवली होती.) त्याने वाकून टायरवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "भाईसाहब, इनको चलाएँगे कब?"
सगळे हसले. तेजराम पुढे झाला. म्हणाला, "चालतेत जी, नाक्यापर्यंत. तिथं वसंताभाऊच्या अंगणात काढून ठेवतो आन् जुने लावतो. येतानी पुन्हा हे." मी विचारलं, का रे? म्हणाला, "दीड घंटा तुमाले खडे सांगत बसू तं जेवू कवा? बाईनंच उपाय सांगतला."
बाई म्हणजे दुर्गा.
सगळ्यांसमोर त्याला सांगून टाकलं, उद्यापासून येऊ नकोस. बरं केलं. शिस्त म्हणजे शिस्त.

१० जानेवारी
नवा ड्रायव्हर आला. नियमांचा कागद वाचला आणि पान खाऊन येतो म्हणून गेला. आला नाही. मला ट्रक चालवता येत नाही. बारा वर्षांत गरजच पडली नाही. शेठजींचा निरोप: परवा ट्रक लागला नाही तर काम गेलं. तेजराम आता चैतरामच्या ट्रकवर.
दुर्गा आता बोलते आहे. पुष्कळ बोलते आहे.

११ जानेवारी
तेजरामला माफ करायला त्याच्या घरी गेलो. तो यायचा होता. त्याच्या बायकोने, शांताबाईने, दोनदा चहा दिला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं: चूक, पश्चात्ताप, मालकाचं मोठं मन. तो दारात आला आणि तोंडातून निघालं, "तेजराम, तुझ्याशिवाय करमत नाही रे." खरंच करमत नव्हतं. बारा वर्षं रोज संध्याकाळी याचं तोंड बघितलंय.
म्हणाला, "येतो जी. पन सांजच्याले तुमी गाडीपाशी यायचं नाही." कबूल.

२४ जानेवारी
नायलॉन दोन आठवडे खरेखुरे चालले. मी खिडकीतूनच बघतो.
आज कळलं, चैतरामने चार नायलॉन टायर घेतले. धावत गेलो. म्हटलं, शेवटी माझं पटलं ना? म्हणाला, "तुमचं नाही जी. तेजरामनं सांगतलं."
मग तेजरामलाच विचारलं, टायर कसा आहे? म्हणाला, "गोट्याचं इचारलं, सावलीचं इचारलं. टायर कसा हाय, हे आजच इचारून राह्यले." मग सांगत बसला. आधी खड्ड्यात स्टीअरिंग हाताला झटका द्यायचं, आता देत नाही. भरल्या गाडीनेही भीती वाटत नाही. दीडपट किंमत वसूल होईल, मात्र गाडी रोज पळाली पाहिजे.
म्हणजे माझं बरोबर होतं! घरी येऊन दुर्गाला सांगितलं, नायलॉन खरंच चांगला आहे.
ती म्हणाली, "हौ. तेजराम आठ दिवसांपासून सांगून राह्यला."