मडक्यावरचा क्रूस

बाबा, तुमच्या नातीचं ठरलेलं लग्न मोडलं आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. लोक भेटायला येतात, आवाज खाली आणून बोलतात, खांद्यावर हात ठेवतात, मी त्यांना चहा देते. पण दुःख म्हणाल तर नाही. आहे ती किळस. दुधात पाल पडलेली दिसल्यावर येते तशी, आणि ती जात नाही. तुम्ही असता तर तुम्हालाच सांगितलं असतं, कारण ह्या गोष्टीची चीड माझ्यात तुमच्याकडूनच आली आहे. तुम्ही गेलात तेव्हा तुमची नात दुसरीत होती, तुमच्या बशीतल्या चहात टोस्ट बुडवून खायची. आता बँकेत अधिकारी आहे.

तुम्ही रोज सकाळी पेपरातलं राशिभविष्य कापून काढायचात, ते हल्ली सारखं डोळ्यांसमोर येतं. मिशनच्या दवाखान्यात तुम्ही कंपाउंडर, पट्ट्या कापायची एक जुनी कात्री घरी आणलेली. स्वयंपाकघरात आत्या स्टोव्हला पंप मारते आहे. तुम्ही पाटावर बसून पेपर मांडीवर पसरता, बारा राशींचा चौकोन नीट कापता, चुरगाळता आणि स्टोव्ह पेटवायला तिच्याकडे देता. पानाला खिडकी पडते. त्या चौकोनाच्या मागे नेमका क्रिकेटचा स्कोर असतो, म्हणून दादा चिडतो. "बाबा, अर्धी मॅच गेली माझी!" तुम्ही मान वर न करता म्हणता, "जाऊ दे ना गा. मॅच अर्धी गेली, डोकं तं अख्खं राह्यलं." आम्ही हसायचो. तुम्ही हसत नव्हता, हे मला खूप उशिरा लक्षात आलं.

का हसत नव्हता ते नववीत कळलं. एका मैत्रिणीच्या मावशीनं माझा हात पाहिला आणि परदेशात जाशील म्हणाली. मी ते जेवताना फुशारकीनं सांगितलं. तुम्ही उचललेला घास ताटात परत ठेवलात. "काहून दाखवला वं हात?" मी म्हटलं, गंमत म्हणून. "तुह्या आत्याचीबी गंमतच केली होती लोकाईनं." आत्या भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, पण भाकरीची कड फुटली. आणि मग तिच्यादेखतच तुम्ही सांगितलंत. मौद्याजवळच्या तुमच्या गावात ती मूळ नक्षत्रावर जन्मली. जोशी म्हणाला, ही बापाला खाईल. ती लहान असतानाच, तुम्ही पोटात होता तेव्हा, आजोबा तापानं गेले. त्या वर्षी त्याच तापानं गावातली कितीतरी माणसं गेली, पण आजोबा मात्र हिनं खाल्ले. पुढं लग्नकार्य असलं की तिला मागच्या खोलीत बसवायचे. तिला मागायला कोणी आलंच नाही. एकदा ती फार आजारी पडली, तेव्हा तुम्ही तिला बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात आणलंत. तिथल्या सिस्टरनं तिचं नाव विचारलं, कुठं दुखतं ते विचारलं आणि कपाळावर हात ठेवला. "बस, एवढंच," तुम्ही म्हणालात, "नक्षत्र नाही इचारलं. मी तवाच ठरवलं, ह्या बाईचा देव कोण आहे ते पाहून घ्याचं." बाप्तिस्मा तुम्ही पुढं घेतलात. तुमच्या लेखी तो त्या दिवशीच झाला होता.

आत्यानंही घेतला, पण भीती काही पाण्यानं धुऊन गेली नाही. घरातून कोणी बाहेर निघालं की ती न्हाणीघरात जाऊन उभी राहायची. तिचं तोंड पाहून निघालं तर काम बिघडेल, असं तिलाच वाटायचं. माझ्या दहावीच्या पहिल्या पेपरला तुम्ही तिला हाताला धरून दारात आणता. "हिच्या डोक्यावर हात ठेव अन् प्रार्थना कर." ती मागे सरते. "मी नाही गा. पोरीचा पेपर खराब होईन." "झाला तं होऊ दे. ठेव हात." तिचा हात माझ्या केसांवर येतो, त्याला कणकेचा वास आहे. "प्रभू, पोरीले सांभाळ. माहं काही लागू देऊ नको तिले." तुम्ही तिच्यावर पहिल्यांदाच ओरडलात. "ते परत म्हण. शेवटचं सोडून." तिनं परत म्हटलं. शेवटचं सोडून. मी रडतच रिक्षात बसले आणि तो पेपर चांगला गेला, पण वाईट गेला असता तरी तुमचं म्हणणं बदललं नसतं.

पास झाले तेव्हा तुम्ही मला दुर्बीण दिलीत, दवाखाना सोडून गेलेल्या डॉक्टरांनी तुम्हाला दिलेली. संध्याकाळची प्रार्थना आटोपून आपण गच्चीवर गेलो. "तो तांबडा दिसते ना, तो मंगळ. पाह्य नीट. त्याले तुह्यं नाव मालूम नाही. ज्यानं त्याले केलं, त्याले मालूम आहे. मंग मालकाशी बोलता येते तं त्याच्या दिव्याच्या पाया काहून पडाचं?" मला वाटलं होतं, आपल्या घरापुरता हा विषय कायमचा संपला.

नातीसाठी ठरलेला मुलगा शहरातल्याच जरीपटका वस्तीतल्या ख्रिस्ती घरातला, पुण्यात नोकरीला. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, मग आम्ही घरं पाहिली. त्याचे वडील चर्चच्या कमिटीवर, आई महिलांची प्रार्थना चालवणारी. तिची प्रार्थना ऐकून बायकांचे डोळे भरून येतात. मागणी झाली, अंगठ्या घातल्या. आणि एका दुपारी ह्या बाई संत्रा बर्फीचा डबा घेऊन एकट्याच आल्या.

"ताई, मनाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "मुलीला मंगळ आहे. कडक आहे. पहिल्या नवऱ्याच्या जिवाला धोका दाखवते."

मला आधी कळलंच नाही. "कोणाच्या मुलीला?"

"आपल्याच. मी सहज दाखवली पत्रिका, मनाच्या समाधानासाठी. उपाय एकदम साधा आहे. आधी मडक्यासोबत लग्न लावून द्यायचं अन् मडकं फोडून टाकायचं. दोष त्याच्यावर जाते. मग आपलं चर्चमध्ये थाटात. गांधीबागेत एक पंडितजी आहेत, चुपचाप करून देतात. आपले लोक जातात त्यांच्याकडे. अन् आपण प्रार्थना करूनच जाऊ ना, ताई."

जन्मवेळ कुठून मिळाली, मी विचारलं. त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं पंख्याकडे पाहिलं. नवऱ्यानंच मोबाईलवर पाठवली होती. मी म्हटलं, हे आपल्यात बसत नाही. त्यावर त्या गोड हसल्या, लहान मुलाला समजवावं तशा. "का नाही बसत? प्रभू जन्मला तेव्हा ज्योतिषीच तर आले होते त्याला पाहायला. ताऱ्याच्या मागं मागं." बाबा, मला तुमचं उत्तर पाठ होतं. आले होते, मी म्हटलं, पण लेकरू दिसल्यावर त्यांनी पुन्हा ताऱ्याकडे पाहिलं, असं कुठं आहे पवित्र शास्त्रात? त्यांनी गुडघे टेकले. बाळाच्या आईला जन्मवेळ विचारली नाही. "तुम्ही मास्तरीण आहात," त्या म्हणाल्या, "तुमच्याशी कोण बोलणार," आणि बर्फीचा डबा माझ्याकडे सरकवला.

त्या गेल्यावर नवरा म्हणाला, "एका तासाचं काम आहे. कोणाला कळणार आहे?" सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा संसार एकदम परका वाटावा, तसं झालं. मी त्यांना आरडाओरडा करून बोलले नाही, वाढताना फक्त हात आखडला. मुलगी बँकेतून आली तेव्हा मी सगळं तिच्यासमोर ठेवलं. वाटलं भडकेल. ती बराच वेळ बूट न काढता बसून राहिली. मग म्हणाली, "मम्मी, माझ्यासोबत नेमकं काय करणार आहेत ते मला पाहायचं आहे. तू चल."

गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानावर ती खोली. आम्ही दोघी आणि ह्या बाई. प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, भिंतीवर सगळ्या देवांच्या तसबिरी आणि त्यांच्यात आपला प्रभूही, हार घातलेला. पंडितजी अदबीनं बोलणारे होते. त्यांचा मला राग आला नाही, हे तुम्हाला सांगायलाच हवं. ते म्हणाले, "मॅडम, मी कोणालाच बोलावत नाही. तुमचे लोक स्वतःच येतात, फक्त मागच्या जिन्यानं येतात." मग त्यांनी एक मडकं उचललं, हळदीचं बोट लावलं आणि अगदी सहज विचारलं, "ह्याच्यावर क्रूस काढून देऊ का? तुमच्यातल्यांना तसं बरं वाटते."

बाई म्हणाल्या, "हो, काढा ना."

त्यांनी काढला. हळदीचा, पिवळा, एक उभी रेघ, एक आडवी. ज्याच्यावर टांगलेल्या माणसाला आपण सगळे दोष वाहून नेणारा म्हणतो, तो मडक्यावर. आणि त्याच्यावर विश्वास नाही म्हणून हे मडकं. मी खिडकीशी गेले, खाली हातगाडीवर कापडाचे गठ्ठे चढवत होते, तिकडे बघत उभी राहिले.

मागे मुलीचा आवाज आला. "पंडितजी, मडकं फुटल्यावर मी विधवा होते का?"

"शास्त्रानं तसंच म्हणावं लागेल, बेटा. मिनिटभराची."

"म्हणजे कोणीतरी मरणारच आहे माझ्यामुळं, असं धरून चाललेत सगळे."

तिनं तिथंच मुलाला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. तो मीटिंगमधून बाहेर आला असावा, घाईत होता. "अगं करून टाक ना यार. मम्मीला टेन्शन आहे. आपल्याला काय फरक पडते?"

"तुला भीती वाटते का माझी?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

त्यानं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "थोडीशी. म्हणजे, कोणाला नाही वाटणार?"

तिनं फोन ठेवला, अंगठी काढली आणि बाईंच्या हातावर ठेवली. "आंटी, तुमचा मुलगा सुखरूप राहो," एवढंच म्हणाली. रागानं नाही. मला त्या क्षणी तुमची फार आठवण झाली, कारण तुम्ही ओरडला असता आणि ती ओरडली नाही. आम्ही समोरच्या जिन्यानं उतरलो.

पुढचं सगळं तुम्ही ओळखाल. आमची पोरगी गर्विष्ठ आहे, असं जरीपटक्यापासून आमच्या गल्लीपर्यंत पसरलं. मडक्याचं कोणी बोललं नाही. आठवड्यानं नवरा म्हणाला, "तुझ्या बापाच्या शिकवणुकीनं मोडलं हे लग्न." मी म्हटलं, हो. त्याच शिकवणुकीनं. ते चपापले. कदाचित मी वाद घालेन असं त्यांना वाटलं होतं. परवा मुलीची भोपाळला बदली झाली तेव्हा तिच्या बॅगा तेच भरत होते, आणि मध्येच म्हणाले, "मी वेळ पाठवायला नको होती." ती म्हणाली, "नको होती, पप्पा." पुढं दोघंही बॅगेच्या चेनशी झटत राहिले.

शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई बौद्ध आहेत. त्यांच्या आजीनं दीक्षा घेतली त्या दिवशी घरी येऊन पंचांग चुलीत घातलं होतं. त्यांना मी सगळं सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "तुमच्याबी लोकाईनं ते गाठोडं सोबतच आणलं म्हणा. आमच्यातबी पाहून राहिले हो पत्रिका, लपूनछपून. आजीनं जे जाळलं, ते नातवंडं मोबाईलवर पाहतात." आम्ही दोघींनी डबा उघडला आणि जेवलो. एवढ्या दिवसांत तेवढंच एक जेवण मला गोड लागलं.

लग्न मोडल्यानंतरच्या रविवारी मी चर्चला गेले होते. मुलाच्या आई पहिल्या ओळीत होत्या. प्रभुभोजनाला सगळ्यांत आधी उठल्या, डोळे मिटून भाकर घेतली, परत येताना माझ्याकडे पाहून मान लववली. उपदेश आटोपल्यावर मी पाळकांना गाठून सांगितलं. ते चांगले आहेत, थकलेले आहेत. म्हणाले, "ताई, माणूस कमजोर असतो. क्षमा करा." क्षमा मागितली कोणी आहे, मी विचारलं. त्यावर त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. माझ्यासाठी, बाबा. मन मऊ व्हावं म्हणून.

तुम्ही ह्यावर काय म्हणाला असता, ते मी खूप शोधलं. तुम्ही त्या जोशाचा राग कधीच सोडला नाहीत, पण दर रविवारी आत्याला घेऊन चर्चमध्ये त्याच लोकांत बसायचात, ज्यांच्यातले काही तिच्या नक्षत्राला घाबरून तिच्या शेजारी बसायला कचरत. कसे बसायचात, हे विचारायचं राहून गेलं. हे तुम्हाला लिहिलेले कागद मी कुठं टाकणार नाही आणि कोणाला दाखवणार नाही. फक्त एक तुम्हाला सांगते. त्या रविवारनंतर मी चर्चला गेलेले नाही. कोणी विचारलं तर गुडघा दुखतो म्हणते. गुडघ्याला काहीही झालेलं नाही.