हत्तीखडकावरची हजेरी

मु. शिरमाची, महाल वेल्हे
शुक्रवार, ता. ९ डिसेंबर १९४९

ती. दादास रतनचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक. वहिनीने पाठवलेली शाल पोचली, इथल्या थंडीत रोज लागते. आईचा गुडघा कसा आहे? तिला सांग, मी दोन्ही वेळा जेवते आणि भाकरी आता गोल येते.

"सर्व ठीक" हे सवयीने लिहिले. इकडे काहीच ठीक नाही, आणि ते तुला माझ्या आधीपासून ठाऊक आहे. काल बोर्डाचा कागद आला. सरकारी अनुदान कमी झाल्याने व काटकसरीच्या धोरणास अनुसरून शिरमाचीची शाळा एक जानेवारीपासून बंद. जुलै ते नोव्हेंबरची सरासरी हजेरी अकरा, नियमाने पंधरा हवी. मुलांनी वेल्ह्याच्या शाळेत जावे; फळा, घड्याळ, नकाशा वेल्ह्यास जमा करावा. खाली सही अध्यक्षांची आहे. पण मजकुराचे अक्षर तुझे आहे, दादा. ज्या अक्षरावर मी गिरवायला शिकले ते मला ओळखू येणार नाही?

बोर्डाच्या कचेरीत बसून कागद नकलायचा तुला पगार मिळतो, हे मला कळते. तरी राग येतो. काटकसर करायला यांना मिळते काय, तर एका खोलीची शाळा आणि एक बाई! संस्थान विलीन झाले तेव्हा भोरात आपण पेढे वाटले. ज्या संस्थानाला आपण नावे ठेवली, त्याने इथली शाळा वीस वर्षे चालवली. आपल्या राज्याने ती दोन वर्षांच्या आत मिटवली.

संध्याकाळी देवळापुढे कागद वाचून दाखवला. कोंडिबा, म्हणजे ज्यांच्या पडवीत शाळा भरते ते, म्हणाले, "बाई, शाळा गेली तर शेतसाऱ्यासंगं शाळंपायी भरतो त्यो लोकल फंडबी जानार का?"

"नाही, तो भरावाच लागेल."

"आसं व्हय! म्हंजी फंड आमचा आन् शाळा वेल्ह्याची. सा मैल चालून पोरं त्यो फंड बघून येतील." लोक हसले. मला मान वर करवेना.

वेल्ह्याची वाट तू पाहिली आहेस. पावसाळ्यात ओढा मोठ्या माणसाला उतरू देत नाही. सात वर्षांची पारू काय पोहत जाणार? तिला "पारू" लिहिता येऊन महिना झाला आहे. गोठ्याची भिंत तिने कोळशाने भरून टाकली आहे. तेवढ्यावरच तिचे शिक्षण थांबणार.

कागद वाचताना मी एक ओळ गाळली. सरासरीची. पारूच्या आईने, धनगरवाड्याच्या सारजाबाईने, तीच विचारली. "आमची पोरं धरली का न्हाई त्येंनी?"

मी म्हटले, गुरांमागे वर असलेली मुले धरत नाहीत.

"वर म्हंजी कुठं? तुमी आल्या न्हवता व्हय वर? म्या सोता दही दिलं तुमाला!" मग माझ्याकडे टक लावून म्हणाली, "बाई, तुमीच लिवलं न्हाई. सावळाराम मास्तर काय येडं व्हतं?"

आता तुला सांगायलाच हवे. आषाढापासून भात निघेपर्यंत खाली रान पिकात असते, म्हणून गुरे सड्यावर, डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर, चढवतात आणि मुले त्यांच्यामागे वर राहतात. माझ्याआधीचे सावळाराम मास्तर मंगळवारी, शुक्रवारी सड्यावरच्या हत्तीखडकावर जाऊन शाळा भरवत. खडकावर कोळशाने बेरजा. तिथल्या सगळ्या मुलांची हजेरी ते पटावर मांडत. जूनमध्ये मी ते जुने पट पाहिले आणि मला संताप आला. खोटी हजेरी! नियमात स्पष्ट आहे, हजेरी शाळेच्या जागेत, घंटेनंतर दहा मिनिटांत. मी मंगळवार, शुक्रवार चुकवले नाहीत. खालची अकरा मुले बरोबर घेऊन चढले, वरच्या तेवीस जणांना शिकवले, घसरून गुडघे फोडून घेतले. आणि संध्याकाळी खाली येऊन त्या तेवीस नावांपुढे माझ्याच हाताने "गैरहजर" लिहिले. पाच महिने. सुवाच्य अक्षरात.

श्रावणात तू लिहिले होतेस, "हजेरीचे जपून लिही, यंदा कात्री लागणार आहे." मी उलट चार पाने सत्यावर लिहून पाठवली. तू मॅट्रिकला थांबलास म्हणून मी घरातली पहिली बी.ए. झाले, आणि त्या बी.ए.ने तुला प्रामाणिकपणा शिकवला. शिकवलेल्या मुलाला गैरहजर लिहिणे हेही खोटेच, हे मला सारजाबाईने सांगेपर्यंत कळले नाही.

पण तूही सुटत नाहीस. दसऱ्याला तू इथे होतास. हत्तीखडकावर चौतीस मुले तू पाहिलीस, त्यांना पाढे विचारलेस, पारूने तुझ्या टोपीत गवत घातले. ते डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने "सरासरी अकरा" कसे नकलले? हात एकदाही थांबला नाही?

सोबत अध्यक्षांच्या नावे अर्ज आहे. हजेरी मी चुकीची लिहिली, खडकावरचे वर्ग अमुक तारखांना भरले, पट दुरुस्त करावा आणि शाळा ठेवावी. पट चुकवल्याबद्दल माझी नोकरी जाईल. जाऊ दे, दुसरी बाई येईल, शाळा राहिली पाहिजे. शिरमाचीतल्या एकोणीस जणांचे अंगठे घेतले आहेत. पण अंगठे बोर्ड मोजत नाही. त्यांना वाचता येणारा साक्षीदार लागतो, आणि तो त्यांच्याच कचेरीत बसतो.

तुझ्या नोकरीचे काय होईल, हे मला माहीत नाही. आई आणि वहिनी तुझ्या पगारावर आहेत हे माहीत आहे. तरी मागते आहे.

अर्जावर माझ्या सहीखाली जागा सोडली आहे. पत्राचे उत्तर नको. ती जागा भर.

हत्तीखडकावर तू पाहिलेली,
रतन