दोदोलाची कढई कोणाला

मी फिलोमेन, कै. बस्त्याव परेरा यांची विधवा, राहणार ठाणे, टेंभीजवळ, आज हे मृत्युपत्र तोंडाने सांगून लिहविते. छातीत कफ साठला आहे, डोके मात्र साफ आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. मीच सर्वांना वेठीस धरून बसविले आहे. लिहिणारे शेजारी गोपीनाथ आहेत. अंगणात माझा मुलगा इनास नाताळचा दोदोल ढवळीत आहे. त्याला इथले सर्व ऐकू जाते, आणि म्हणूनच मी ही वेळ धरली.

नारळाचे दूध, तांदळाचे पीठ आणि काळा गूळ यांचा दोदोल होतो. तो आळू लागला की ढवळणाऱ्याने हात थांबवायचा नसतो. थांबला की बुडाला लागलाच, आणि सगळी कढई फुकट. एरवी मी रेजिनचे नाव काढले की इनास उठून चालता होतो. आज त्याला उठता येत नाही.

रेजिन माझी मुलगी. तिने कोलशेतच्या मिठागरावरील सहदेवाशी संसार मांडला, तेव्हापासून इनासने तिला आमच्या फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलेले नाही. नाताळात आमच्याकडून दोदोल, नेवऱ्या, कुलकुल यांची ताटे साऱ्या आळीत जातात. आमचा कोंबडा ज्याने परस्पर विकला त्या शेजारच्या पोपटकडेसुद्धा ताट जाते. माझ्या लेकीकडे जात नाही. हे मला सहन होत नाही, असे स्पष्ट लिहावे.

नाताळ तोंडावर आहे, पण तोवर मी टिकेन असे वैद्याला वाटत नाही. घरात मयत झाले की आमच्यात त्या वर्षी गोडाची चूल पेटत नाही, म्हणून दोदोल आधीच चढवायला लावला. मी गेले तरी ताटे थांबवू नयेत.

कलम पहिले. राहते घर, अंगणातील मोठी चूल आणि परसातील आंबा इनासला. त्याने मला कधी उपाशी ठेवले नाही. गाढव आहे, पण माझे आहे.

कलम दुसरे. साक्षीला बसलेल्या शेजारीण गंगुबाईस काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला देता येत नाही, असे गोपीनाथ सांगतात. नाहीतरी तिने नेलेली चाळण अजून परत आलेली नाही, ती तिने आणून द्यावी.

कलम तिसरे. सासूने मला दिलेली दोदोलाची तांब्याची कढई रेजिनला.

यावर इनास अंगणातून ओरडला, “आये, कढई तिला? मंग आमी नाताळला काय करायचा?”

मी म्हटले, “चूल तुजी, कढई तिची. बोलव तिला.”

“मी नाय बोलवनार!”

“मंग चुलीकडं बघत बस.”

गोपीनाथ म्हणाले, “फिलूबाय, हे मृत्युपत्रात बसत नाही.” मी म्हटले, बसवा.

कलम चौथे. दोदोलाचे पहिले ताट दर नाताळला रेजिनच्या घरी जावे, आणि ते इनासने स्वतः न्यावे. बायकोला धाडलेले चालणार नाही.

“हात गुतलेत म्हनून बोलून घेतेस!” इनास म्हणाला. “सोडतो बघ कालथा. जलू दे!” आणि त्याने खरोखरच सोडला.

मला खाटेवरून उठता येईना. करपल्याचा वास आत आला. गंगुबाईने तोंडाला पदर लावला. सासूच्या वेळेपासून या घरात दोदोल कधी लागलेला नाही. रेजिनला मीच निरोप धाडला होता. ती फाटकाबाहेर, भावाने हद्द घातली तिथेच उभी होती. वास येताच ती फाटक ढकलून आत धावली आणि तिने दोन्ही हातांनी कालथा धरला. आता हा तिला हाकलतो, असे मला वाटले. मला फार भीती वाटली.

मग इनास म्हणाला, “बुडाला नको लावू, वरचा वरच हलव.” आणि थोड्या वेळाने, “पदर सांबाल, चुलीत जाल हाय.”

तिच्या लग्नानंतरचे हे त्याचे बहिणीशी पहिले बोलणे, म्हणून जसेच्या तसे लिहविले आहे.

पुढे तो आत आला. चौथे कलम कुठले ते त्याने गोपीनाथांना विचारले आणि त्यावर बोट ठेवून म्हणाला, “हा खोडा.” मी विचारले, “का रे?”

तो म्हणाला, “घरच्या मानसाला कोन ताट धाडतो? ती हितंच खाईल, कढईतला.”

सबब कलम चौथे माझ्या समक्ष व माझ्या पूर्ण खुशीने खोडले आहे. त्यावरील डाग इनासच्या बोटाचा व दोदोलाचा आहे. त्यावरून कोणी या कागदाविषयी शंका घेऊ नये. बाकीची कलमे कायम.

फिलोमेन परेरा, निशाणी क्रूस

साक्षीदार:
गंगुबाई, शेजारीण, निशाणी बांगडी
गोपीनाथ, लिहिणार, सही दस्तुरखुद्द

मुक्काम ठाणे, तारीख २१ डिसेंबर १८८६