प्रभावतीच्या मरणाची तार

कोरगाव, पेडणे
ता. २ जुलै १९९०

ती. भाईस प्रभावतीचा शि. सा. न. वि. वि.

शेजारच्या जयरामची मुलगी देवकी परवा गिरणीतून आली. आली म्हणजे खोकल्यासकट पाठवून दिली. आमच्या समीक्षेबरोबरच गेली होती ती, तमिळनाडूत सूत काढायला. तिने सांगितले ते ऐकल्यापासून घशाखाली पेज उतरत नाही. फाटकाला बाहेरून कुलूप. बारा तास उभ्याने काम, आणि डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा उठवतात. तीन वर्षे पुरी न करता सोडले तर लग्नासाठी म्हणून कबूल केलेली रक्कम बुडाली. पत्रे वॉर्डनबाई समोर बसून लिहवून घेते, आलेली फोडून वाचते. त्या सुताचे शर्ट परदेशी जातात म्हणे. तिकडचे साहेब पाहणीला आले की मुलींना नव्या चपला देतात आणि हसायला लावतात. साहेब गेले की चपला परत. म्हणजे दर पत्रातले ‘इथे सगळे छान आहे’ समीक्षेचे नव्हतेच.

गणपतीच्या चवथीलाही रजा नाही. आई किंवा बाप मेला तरच सोडतात, असे देवकी म्हणते. समीक्षेचा बाप तर पूर्वीच गेला. तेव्हा भाई, मला मार. तार कर.

वहिनीला यातले काही सांगू नकोस, ती रडून गाव गोळा करील.

तुझी धाकटी,
प्रभा


डिचोली
ता. ६ जुलै १९९०

चि. प्रभावतीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या मृत्यूची बातमी तुझ्याच हस्ताक्षरात पोचली. अक्षर नेहमीपेक्षा बरे आहे. मरायचे ठरवल्यावर माणूस नीटनेटका होतो असे दिसते.

पणजीला मजूर कचेरीत दोनदा जाऊन आलो. गोवा आता घटक राज्य झाले खरे, पण गिरणी दुसऱ्या राज्यात, तेव्हा तिकडे लिहा, असे तिथले साहेब म्हणाले. तिकडेही लिहिले. उत्तर कधी येईल, देव जाणे.

माझे दुखणे निराळेच आहे. गिरणीसाठी मुली जमवणारा सगुण दलाल प्रथम आला तेव्हा देव्हाऱ्यासमोर उभे राहून त्याने विष्णूचे लांबलचक स्तोत्र एकही विसर्ग न गाळता म्हटले. माझ्या वर्गात हे कोणाला जमत नाही. मी विरघळलो. मुलीच्या पालकाच्या जागी सही केली, वर शाळेचा शिक्का मारला. तू मला दोष देत नाहीस हा तुझा चांगुलपणा, पण तो मला झेपत नाही.

बावीस वर्षे खरे बोलायला शिकवून पगार घेतला आणि काल तार केली. तारबाबूने माझे सांत्वन केले, बहीण मोठी की धाकटी विचारले. मी सांगितले, धाकटी, पण हट्टी. त्याचे डोळे भरून आले.

आता एक पथ्य पाळ. समीक्षेला पत्र लिहू नकोस. मेलेल्यांनी टपालखात्याला त्रास देऊ नये.

तुझा,
गुरुदास


गिरणी वसतिगृह
ता. २४ जुलै १९९०

ती. मामांस समीक्षेचा सा. न. वि. वि.

आई गेल्याची तार मला काल दाखवली. तिच्यावर पाच तारीख आहे, ऑफिसात राहिली होती. दहावे-बारावे होऊन गेले, आता जाऊन काय करणार, असे मॅनेजर म्हणाले. मी नळावर आंघोळ केली. सोबतच्या मुलींनी माझा भात वेगळा ठेवला.

आईला शेवटचे कोणते लुगडे नेसवले? तिचे पत्र येत नव्हते म्हणून मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. तेव्हा ती नव्हतीच, हे मला ठाऊक नव्हते.

आता कोरगावात माझे कोण आहे? म्हणून पुढच्या तीन वर्षांच्या कागदावर सही केली. जे मिळेल त्यातून आईचे वर्षश्राद्ध करावे. तुम्ही दुःख करू नये. इथे सगळे छान आहे.

आपली,
समीक्षा


डिचोली
ता. ३० जुलै १९९०

चि. प्रभावतीस आशीर्वाद.

सोबत समीक्षेचे पत्र आहे. बसून वाच. मी शाळेत उभ्याने वाचले आणि फळ्याला धरून राहिलो. मुलांना वाटले, मास्तरांना शब्दाचे रूप आठवेना.

कल्पना तुझी होती, पण शिकलेला मी होतो. तारेने ती सुटली नाही. तिला परतायला जे एक कारण होते, तेवढे आपण काढून घेतले.

मी उद्याच निघणार होतो. पण सगुणने वाळपईकडच्या अकरा मुली जमवल्या आहेत आणि त्यांच्या आयांना तो माझा शिक्का मारलेला कागद दाखवत हिंडतो आहे. काल घरोघर बसून आलो. नऊ जणींनी ऐकले. उरलेल्या दोघींपैकी एकीने विचारले, मास्तर, भाचीला पाठवताना ही अक्कल कुठे होती? मी म्हटले, कानात होती, स्तोत्र ऐकत. तिला ते कळले नाही, आणि मलाही हसू आले नाही. सोमवारी मुलींना न्यायला गाडी येईल. मी तिच्यासमोर उभा राहणार आहे.

म्हणून जयरामला घेऊन तू नीघ. तू आहेस, हे समीक्षेला तूच सांगायला हवे. माझ्या शब्दावर आता तिने विश्वास का ठेवावा?

तुझा,
गुरुदास


गिरणीच्या गावाहून
ता. ६ ऑगस्ट १९९०

ती. भाईस शि. सा. न. वि. वि.

काल पोचलो. जयरामने मोडक्या हिंदीत फाटकावर सांगितले की मुलीची आई आली आहे. आतून मॅनेजर फाईल घेऊन आला. तीत तुझी तार. मुलीची आई मेल्याचा हा कागद, मग ही बाई कोण, असे त्याने विचारले. मी हात पुढे केला, म्हटले धरून बघ, ऊन आहे. तो म्हणाला, कागद आणा.

तेव्हा तलाठ्याकडून माझा हयातीचा दाखला घे. तार खोटी होती असेही लिहून दे. तुला जड जाईल, पण दे. जयराम अर्ज घेऊन इथल्या कलेक्टरकडे जाणार आहे.

आज पाळी सुटल्यावर मुली जाळीमागून रांगेने गेल्या. समीक्षा सहावी होती. कापसाने केस पांढरे झालेले. मी नाव घेऊन ओरडले. ती थांबली, माझ्याकडे नीट बघितले. मग डोळे मिटून हात जोडले आणि रांगेबरोबर निघून गेली.

भाई, जिवंत आईला कोणी असा नमस्कार करत नाही.

उद्या पुन्हा जाळीपाशी उभी राहते. वहिनीस नमस्कार. माया आहे ती राहू दे, आणि दाखला लवकर पाठव.

तुझी हयात असलेली,
प्रभावती