इंजिन यायचंय, बटाटे गेले

त्स्विकाऊ, ऑगस्टअखेर

तीर्थरूप हेडविगवन्सं यांना रोझविथाचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तुम्ही करत नसणार, हे मी धरूनच चालते. तुमच्या घराण्यात सांगितलेलं ऐकायची पद्धत नाही. आलुबुखाराचा केक मिळाला. अर्ध्याहून जास्त तुमच्या भावाने उभ्याउभ्या खाल्ला. इकडे सर्व ठीक, म्हणजे मी ठीक आहे आणि लोथार वाट पाहतो आहे.

कसली, ते तुम्हाला माहीत आहे. नाताळात तुमच्याच टेबलावर भाजलेला हंस थंड होऊ देऊन त्याने सगळ्यांना ऐकवलं होतं. बागेतल्या रुळांवर चालणारं वाफेचं इंजिन, खऱ्या आगीचं, खऱ्या पाण्याचं, दोन्ही हातांनी उचलावं लागेल एवढं मोठं. ते बनवणाऱ्या कंपनीने ते जाहीर केलं तेव्हा मी अजून शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते. आधी ते वसंतात येणार होतं, मग शरदात, मग पुन्हा वसंतात. प्रत्येक वेळी कंपनी कळवते की इंजिन आणखी हुबेहूब करत असल्यामुळे उशीर होत आहे, आणि हुबेहूब होता होता ते दर वेळी थोडं लांब होतं. लांब इंजिनाला मोठं वळण लागतं. मोठ्या वळणाला जागा लागते. जागा बटाट्यांची होती. (त्याआधी मुळ्यांची होती, पण मुळे गेल्याचं मला फारसं दुःख नाही.)

इंजिन नाही म्हणून काम अडलेलं नाही. लोथारने त्याच मापाचा लाकडी ठोकळा करून त्याला चाकं लावली आहेत आणि दोन्ही अंगांना रंगाचे ब्रश बांधले आहेत. दर शनिवारी तो आणि शेजारच्या बागेतला उलमान (निवृत्त दंतवैद्य, वयाने मोठा, बाकी नाही) रेल्वेच्या टोप्या घालून हा ठोकळा दोरीने ओढत सबंध मार्गावरून नेतात. ब्रशचा रंग जिथे लागेल तिथलं काहीतरी कापायचं. अशाने माझी आंबट लाल करंटच्या फळांची दोन झुडपं गेली. उलमान तोंडाने शिट्टी वाजवतो. लोथारने वेळापत्रकही छापून घेतलं आहे, त्यात गाडीला उशीर होण्याची सोय ठेवलेली नाही. बॉयलरला नळाचं पाणी चालत नाही म्हणून पावसाचं पाणी गाळून माझ्या काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांत भरून ठेवलं आहे. काकड्या कुठे घालू विचारलं, तर म्हणाला, "अगं, यंदा काकड्या आहेत कुठे?" खरंच नव्हत्या. तिथे आता स्थानक आहे.

इथवर मी काही बोलले नाही. (लोथार वेगळं सांगेल.) पण भाड्याने मिळणाऱ्या या बागांच्या वसाहतीचा नियम तुम्हाला पाठ आहे: तिसरा हिस्सा भाजी आणि फळांचा, नाहीतर बाग सोडा. मामंजींनी त्याच नियमाने ती सफरचंदाची झाडं लावली. बागेसाठी बाहेर एवढी माणसं ताटकळली आहेत की आम्ही निघालो तर संध्याकाळी बागेतल्या खोपटाला दुसऱ्याचे पडदे लागतील. आणि गेल्या शनिवारी वसाहतीचे अध्यक्ष नॉयबर्ट मोजपट्टी घेऊन पाहणीला आले. हा गृहस्थ पूर्वी जमीनमोजणी खात्यात होता आणि आजही कुणाच्या घरी गेला तर आधी खोली मोजतो.

त्यांनी फरसबी मोजली, कोबी मोजला, सफरचंदांच्या सावल्यासुद्धा मोजल्या आणि विचारलं, "बटाटे?"

लोथार म्हणाला, "वळणाखाली होते."

"आणि वळणावरून काय जातं?"

"अजून काही नाही," लोथार म्हणाला. "यायचंय."

उलमानला गप्प राहवत नाही. तो म्हणाला, "अध्यक्षसाहेब, जर्मनीतली ही एकच गाडी, जी आजवर कुणाला चुकलेली नाही." नॉयबर्ट हसले नाहीत. रूळ काढा किंवा बाग सोडा, एवढंच त्यांनी सांगितलं. मला वाटलं लोथार वाद घालेल. त्याने टोपी काढली, फावडं आणलं आणि स्थानकाशी गुडघे टेकून पहिला रूळ सैल करायला लागला. वन्सं, तुमचा भाऊ चिडला की मला सोपा जातो. गप्प बसला की मला काही सुचत नाही. बटाटे परत मिळणार होते आणि मला ते नकोसे झाले.

मी म्हटलं, "नॉयबर्टसाहेब, तुमचा नियम जमिनीचा आहे की हवेचा?"

ते म्हणाले, "जमिनीचा."

"मग रूळ खांबांवर चढवू. खाली माझे बटाटे, खांबांवर घेवडा, वरून यांची गाडी. मोजा हवं तितकं."

त्यांनी नियमांची पुस्तिका दोनदा वाचली. खांबांचं लाकूड लागवड धरायचं का, यावर ते आणि उलमान बराच वेळ बोलले. शेवटी घेवडा चढला तर धरायचं, असं ठरलं. मग निघता निघता अध्यक्षांनी सहज विचारल्यासारखं विचारलं की तो ठोकळा जरा ओढून बघता येईल का. उलमानने स्वतःची टोपी त्यांना दिली. आता शनिवारी तिघे असणार.

माझ्या दोन अटी होत्या. रूळ कमरेइतके उंच हवेत, म्हणजे मला वाकायला नको. आणि स्थानकाशेजारी आणखी एक बाजूचा रूळ हवा, फरसबीची एक ओळ गेली तरी चालेल. लोथारने विचारलं, एकाच गाडीला तो कशाला? मी म्हटलं, माझी अट आहे. तो फार विचारत नाही.

गुडघ्याची काळजी घ्या. व्यायाम करा.

तुमची
रोझविथा

ता. क. यंदा बटाटे पाठवता येणार नाहीत. कारण वर आहे.

ता. क. पत्र बंद करताना कंपनीचा निरोप आला. इंजिन पुढच्या वसंतात, आणि किंचित लांब. लोथारने फावडं पुन्हा बाहेर काढलं आहे.

ता. क. मुख्य काम राहिलं. कंपनी एका घराला एकच इंजिन देते आणि लोथारने आमच्या घराचं काळं नोंदवलं आहे. काळं इंजिन बागेत दिसत नाही, हे त्याला कोण सांगणार? तेव्हा तुम्ही तुमच्या नावावर, तुमच्या पत्त्यावर एक हिरवं नोंदवा. त्याला सांगू नका. बाजूच्या रुळाची लांबी मी स्वतः आखली आहे. हिरवं त्यावर नीट मावेल, आणखी दोनदा लांब झालं तरी.