वन्सं, भुकटी मी संपवली

ता. ९, मंगळवार

वन्सं,

नमस्कार. घरी सगळे बरे. तुमच्या भावाचा खोकला गेला, लेकीची परीक्षा चांगली झाली. बेरीची भुकटी मी शेवटपर्यंत घेतली, रोज सकाळी पाण्यात ढवळून. जीभ जांभळी झाली की लेक हसायची. तुमच्या दवाखान्याचा प्रयोग माझ्यामुळे बिघडला, असं कुणाला म्हणू देणार नाही.

शेवटचं रक्त काल देऊन आले. तुमची सुट्टी बघूनच गेले. साखर थोडी उतरलीय. पुडीत खऱ्या बेरी होत्या की नुसता रंग, ते सगळ्या बायकांचे निकाल लागेपर्यंत डॉक्टरबाईंनाही कळणार नाही.

आगारात मी आता बस धुते, चालवत नाही. ठाऊक असून परवा फोनवर "नोकरी कशी चाललीय?" म्हणून गोड विचारलंत. साहेबांनी मला सगळं सांगितलं. "तुमच्या नणंदबाईच म्हणाल्या, हिची साखर वाढलीय, चाकावर बसवू नका."

माझी साखर काठावर आहे, मधुमेह झालेला नाही, बस चालवायला आडकाठी नाही. नर्स असून हे तुम्हाला माहीत नव्हतं? म्हणे काळजीपोटी. मी पहिल्यांदा घरासमोरून बस नेली, तेव्हा गॅलरीतून म्हणालात, "बाईमाणसानं इतकं उंच बसू नये." तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

लग्न होऊन आले तेव्हा या घरात माझ्याशी धड बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच. म्हणून तर साखरेचा रिपोर्ट नवऱ्याच्या आधी तुम्हाला दाखवला. तुमच्या ओट्यापाशी रडले. तुम्ही पाठीवरून हात फिरवलात, प्रयोगात नाव घातलंत. आणि त्याच हातानं आगारात फोन लावलात.

सुट्टी बघून का गेले, तेही सांगते. डॉक्टरबाईंशी एकटीनं बोलायचं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "इथली गोष्ट बाहेर जायलाच नको होती. लेखी द्याल?"

दिलं. हे पत्र पोचेल तोवर तुम्हाला बोलावणं आलेलं असेल. नोकरी राहील की जाईल, मला माहीत नाही. विचारलंही नाही.

तुमच्या भावाला यातलं काही बोललेले नाही. तुम्हीच सांगा. दुसऱ्याचं सांगायची तुम्हाला सवय आहे, एकदा स्वतःचं सांगून बघा.

दारी आलात तर पाणी देईन. बसा म्हणणार नाही.

तुमची भावजय म्हणवत नाही, म्हणून नुसतीच
तुमच्या भावाची बायको